घरच्या सर्व्हरची नोंदवही : होम ३०० वरून २०० जीबी

शनिवार, सकाळ. डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या माझ्या घरच्या सर्व्हरवर व्हार हा डिस्कचा २० जीबीचा भाग लॉग आणि डेटाबेस यांनी ९६ टक्के भरला आहे, तर वापरकर्त्यांच्या फाइली ठेवणाऱ्या ३०० जीबीच्या होम या भागात १०० जीबीच्या आसपासच मजकूर आहे. म्हणून होम लहान करून ती जागा व्हारला द्यायची आहे. दोन्ही भाग एलव्हीएमच्या, म्हणजे डिस्कची जागा व्हॉल्यूम नावाच्या भागांत वाटणाऱ्या व्यवस्थेच्या, एकाच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (जागेच्या सामायिक साठ्यात) असून दोन्हींवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, आहे. होमवर एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम असती, तर ती अशी लहान करता येत नसल्याने सगळे उपसून, नवा भाग पाडून पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

बॅकअप काल रात्रीच बाहेरच्या डिस्कवर घेतला होता. पण तेवढ्यावर न विसंबता त्यातला छायाचित्रांचा एक फोल्डर वेगळ्या जागी उतरवला, मूळ फाइलींशी चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहिले आणि मगच कामाला हात घातला. एलव्हीएम आपल्या रचनेची प्रत एटसी फोल्डरमध्ये आपणहून ठेवतो, परंतु तिच्यात भागांच्या सीमा तेवढ्या असतात, फाइली नसतात. तीही बाहेरच्या डिस्कवर नेऊन ठेवली.

दुपार. ईएक्सटी४ वाढवताना माउंट असली, म्हणजे वापरासाठी जोडलेली असली, तरी चालते, लहान करताना मात्र ती अनमाउंट करावीच लागते. होम वापरात असल्याचे सांगून यंत्राने नकार दिला. एखादा भाग कोण वापरत आहे ते सांगणाऱ्या एफयूझर या आज्ञेने शोध घेतला, तर दोषी मीच निघालो : एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुरून, आलेले माझे स्वतःचे लॉगिन आणि तीन आठवड्यांपूर्वी उघडून विसरलेले, मागे चालूच राहणारे टीमक्सचे सत्र, दोन्ही होममध्येच ठाण मांडून बसले होते. शेवटी कीबोर्ड जोडून थेट सर्व्हरसमोर बसलो आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून लॉगिन केले; त्याचा फोल्डर होममध्ये नसतो.

ई२एफएससीके या आज्ञेने केलेली फाइल सिस्टीमची सक्तीची तपासणी निर्विघ्न पार पडली. त्यानंतर फाइल सिस्टीमचा आकार बदलणाऱ्या रिसाइझ२एफएसला होमचा किमान आकार विचारला असता त्याने २,८८,३५,८४० असा आकडा दिला. हे ४ केबीचे ब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टीमचे जागेचे तुकडे, आहेत, म्हणजे ११० जीबी. घाईत हा आकडा दुसऱ्याच एककात वाचला, तर पुढचे सगळे गणित चुकते.

आता क्रमाचा प्रश्न. लहान करताना आधी फाइल सिस्टीम आणि मग तिच्याखालचा व्हॉल्यूम, वाढवताना नेमके उलटे; व्हॉल्यूम आधी कापला, तर फाइल सिस्टीमचे शेपूट तुटते. मला २०० जीबी हवे होते, तरी फाइल सिस्टीम मुद्दाम १८० वर आणली. ब्लॉक हलवले जात असताना पडद्यावर एक्स अक्षरांची रांग सरकत होती. या टप्प्यात वीज गेली तर काय, या धास्तीने मी यूपीएसचा दिवा पाहत पाऊण तास बसून होतो. मग एलव्हीरिड्यूस या आज्ञेने व्हॉल्यूम २०० जीबी केला, म्हणजे ४ एमबीचे ५१,२०० एक्स्टेंट (एलव्हीएमचे जागेचे तुकडे), आणि आकार न सांगता रिसाइझ२एफएस पुन्हा चालवला, तेव्हा फाइल सिस्टीमने उरलेले २० जीबी आपसूक व्यापले. एका झटक्यात थेट २०० वर नेण्यापेक्षा हा वळसा मला बरा वाटतो.

संध्याकाळ. पुन्हा एकदा तपासणी करून होम माउंट केले. छायाचित्रांचे सगळे चेकसम जुळले. व्हार चालू स्थितीतच ६० जीबीपर्यंत वाढवला, डेटाबेस थांबवावा लागला नाही. मोकळे झालेले उरलेले ६० जीबी कोणालाही न देता व्हॉल्यूम ग्रुपमध्येच ठेवले आहेत, म्हणजे पुढच्या वेळी होम अनमाउंट करण्याची पाळी येणार नाही.