ओलं एकीकडे, गळती दुसरीकडे

गाडी शंभर सीसीची, वयाने बारा-तेरा वर्षांची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली काळा डाग पडायला लागला आणि ज्याची त्याची मतं सुरू झाली. वॉचमन म्हणाला, ऑइल काढायचा खालचा ड्रेन नट सैल असेल. ऑफिसातला मित्र म्हणाला, ब्लॉकच्या सांध्यातलं गॅस्केट गेलं. एका गॅरेजवाल्याने तर खाली वाकूनही न बघता "इंजिन खोलावं लागेल, साहेब" असं सांगून टाकलं. कामाचं बोलले ते शेजारचे काका : "अहो, निदान खाली पुठ्ठा तरी टाका, फरशीची वाट लागतेय."

पुठ्ठा टाकला आणि त्यावर पुढच्या चाकाची जागा पेनाने आखून ठेवली. सकाळी बघतो तर थेंब डाव्या बाजूला, गिअरच्या दांड्याखाली. पण एवढ्यावर काही ठरवता येत नाही. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, ते ओघळत खाली येतं आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते म्हणून सगळं त्याच बाजूला गोळा होतं. शोधायचं असतं ते ओल्या जागेच्या वर आणि पुढे.

मला आधी संशय होता चेनचा. चेनला मी 90 नंबरचं गिअर ऑइल लावतो. ते उडून पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, कव्हरमध्ये साचतं आणि तिथूनही ठिबकतं. कव्हर काढलं तर आत चिखल आणि तेल यांचा असा लगदा की उलथन्याने काढावा. खालचा थेंब बोटावर घेऊन बघितला. गिअर ऑइल चिकट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हा थेंब पातळ, काळा, वास नेहमीच्या इंजिन ऑइलचा. चेनवरचा संशय मिटला.

मग धुण्याचा कार्यक्रम. जुना रंगाचा ब्रश आणि डिझेल घेऊन इंजिन गार ठेवणाऱ्या फिनांच्या फटींपासून ड्रेन नटपर्यंत सगळं घासलं, साबणाच्या पाण्याने धुतलं, उन्हात कोरडं होऊ दिलं. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त वेळ इथेच गेला, आणि तो द्यावाच लागतो. मळक्या इंजिनावर काहीही दिसत नाही. कोरड्या इंजिनावर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरली, कव्हर परत लावलं आणि जुन्या कात्रज घाटात चक्कर मारून आलो. चढावर इंजिन चांगलं तापतं आणि गरम तेल पातळ होऊन जिथे वाट मिळेल तिथून निघतं.

घरी येऊन कव्हर काढलं. हेडपाशी पावडर पांढरी. ब्लॉकचा सांधा पांढरा. ड्रेन नट कोरडा. स्प्रॉकेटच्या शाफ्टभोवतीही काही नाही. फक्त गिअरच्या शाफ्टखाली ओला चंद्रकोरीचा डाग, आणि तिथून खाली गेलेली एक बारीक काळी रेघ. म्हणजे गिअर शाफ्टचा ऑइल सील, शाफ्टभोवती तेल अडवणारं रबरी कडं. माझ्या गाडीत तो बाहेरूनच निघतो, इंजिन खोलायचा प्रश्नच नाही. शाफ्ट धरून हलवून बघितला, खेळ नव्हता. खेळ असता तर नवा सीलही टिकला नसता.

सील पुसल्यावर त्यावरचे तीन आकडे वाचता आले : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. फोटो काढून नाना पेठेत गेलो. दुकानदाराने नुसतं मॉडेल विचारलं. मी आकडेही जुळवून घेतले. स्प्रॉकेटमागचा सीलही घेतला. दोन्ही मिळून किरकोळ पैशांत.

ऑइल बदलायला आलंच होतं, ते आधी काढून घेतलं. गिअरचा दांडा काढण्यापूर्वी त्याच्यावर आणि शाफ्टवर समोरासमोर खूण केली, नाहीतर परत बसवताना एखादा दात पुढेमागे होतो. जुना सील वाकड्या टोकाच्या सुईने उचकटला, शाफ्टला ओरखडा न जाऊ देता. त्याची ओठासारखी कड इतकी कडक झाली होती की नखही रुतेना. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, कडेला तेलाचं बोट, आणि शाफ्टच्या दातांवर पॉलिथिन गुंडाळलेलं, म्हणजे रबर कापलं जात नाही. मग सीलच्या मापाची, सॉकेट पान्याची गोटी ठेवून हलकेच ठोकत सरळ बसवला.

बाँड, म्हणजे सांध्याला लावायची चिकट पेस्ट, लावला नाही. आपल्याकडे कुठेही तेल दिसलं की बाँड मारायची सवय आहे, मला ती पटत नाही. सीलची बैठक स्वच्छ असेल तर त्याची गरज नाही, आणि आत गेलेले तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात.

एक गोष्ट मात्र जाता जाता सापडली. ब्रीदरची नळी चिखलाने जवळपास बुजली होती. इंजिनातल्या दाबाला बाहेर पडायला वाट नसली की तो कमजोर सीलमधून तेल ढकलतो. सीलचं वय झालंच होतं, दाबानेही हातभार लावला असणार. नळी तारेने साफ केली.

900 मिलीची बाटली एका दमात रिकामी केली नाही. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी ओतलं, इंजिन जरा वेळ चालवून बंद केलं, तेल खाली उतरू दिलं आणि मेन स्टँडवर डिपस्टिक बघत बाकीचं भरलं. जास्त भरलं तरी दाब वाढतोच. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात नेऊन ओतलं.

महिनाभर पुठ्ठा कोरडा आहे. स्प्रॉकेटमागचा सील चेन-किट बदलताना घालणार आहे. तोवर तो पान्यांच्या डब्यात पडून आहे.