सहीच्या वेळी थरथरणारा हात

बँकेत सही जुळली नाही, ही गोष्ट तशी किरकोळ. पण काउंटरपलीकडच्या बाई म्हणाल्या, "इथे माझ्यासमोर परत एकदा करा," आणि माझा हात असा थरथरायला लागला की पेनाचं टोक कागदावर टेकेना. मागे सात-आठ जणांची रांग होती. "आधार कार्ड गाडीत राहिलं," असं काहीतरी पुटपुटून मी बाहेर पडलो. ते काम पुढे दीड महिना तसंच पडून होतं.

तेव्हा मी ३४ वर्षांचा होतो. बडोद्याला मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. आपल्या टेबलाशी एकटा असलो की दिवसाला चाळीस सह्या करतो, हात हलत नाही. चार माणसांदेखत लिहायचं, प्यायचं किंवा बोलायचं म्हटलं की संपलं. कॉलेजपासून हे असंच, आणि ते लपवायच्या युक्त्याही तेवढ्याच जुन्या. फॉर्म घरून भरून न्यायचे. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायचा. फोन करायच्या आधी वाक्यं पाठ करायची. आमच्या दांडिया बाजारातल्या गणपतीत मी आरतीला दरवर्षी पहिला टाळ उचलायचो. लोकांना वाटायचं, केवढी हौस! खरं कारण एवढंच की हातात टाळ असले की तबक कुणी देत नाही.

बँकेच्या कामाबद्दल बायकोने चौथ्यांदा विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. तिनेच चौकशी करून एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वेळ घेतली.

पहिल्याच भेटीत मॅडमनी कागदावर एक आकृती काढून दाखवली. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी सोशल अँग्झायटीची, म्हणजे चारचौघांत वाटणाऱ्या या भीतीची, ही मांडणी १९९५ मध्ये केली. भीती वाटली की माणसाचं लक्ष बाहेरून सुटतं आणि आत वळतं: छातीत धडधडतंय, कान तापलेत, हात हलतोय. या आतल्या जाणिवांवरून आपण मनात आपलं एक चित्र तयार करतो आणि समोरच्यालाही तेच दिसतंय असं धरून चालतो. वर आपल्या युक्त्या. प्रसंग निभावला तर श्रेय युक्तीला जातं, आणि भीती आहे तिथेच राहते. माझे टाळ मला त्या आकृतीत स्पष्ट दिसले.

मी म्हटलं, "पण मॅडम, हात खरंच हलतो. लोक बघतात."

त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला, २००० साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांचा अंदाज होता, जवळपास निम्म्या लोकांच्या हे लक्षात येईल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं. मला काही यातून धीर आला नाही. पाव लोक बघतातच की! तसं म्हटल्यावर मॅडमनी विचारलं, "बरं, बघितल्यावर ते काय करतात?"

मला सांगता येईना. माझी नजर कायम खाली, माझ्याच हातावर. सोळा वर्षं मी लोकांना घाबरत होतो आणि त्या लोकांकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या भेटीत तिथे शिकायला आलेल्या एका मुलीशी पाच-पाच मिनिटं दोनदा बोलायचं होतं, समोर चहाचा कप. पहिल्यांदा माझ्या सगळ्या युक्त्या वापरून आणि स्वतःवर नजर ठेवून. दुसऱ्यांदा युक्त्या सोडून, फक्त ती काय सांगतेय याकडे लक्ष देऊन. ती बडोद्याजवळच्या पादरा गावची होती आणि सकाळच्या बसच्या गर्दीबद्दल सांगत होती. दुसऱ्या वेळी कप मी एका हाताने कधी उचलला ते मला कळलंही नाही. मग तीच म्हणाली, "पहिल्या वेळी तुम्ही जरा तुटक वाटलात, मला वाटलं कंटाळलात." म्हणजे मी लपवत होतो हात, आणि तिच्यापर्यंत पोचत होता कंटाळा.

या सगळ्याचं चित्रीकरण झालं होतं. दाखवण्याआधी मॅडम म्हणाल्या, "हात किती हललेला दिसेल, ते आधी करून दाखवा." मी जोरजोरात हलवून दाखवला. "आता अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघा." पाहिलं. हात हलत होता, नाही असं नाही, पण इतका थोडा की ती जागा मला दोनदा मागे नेऊन शोधावी लागली.

लक्ष बाहेर वळवायची सवय मात्र रोज करावी लागते. वेल्सचाच एक ऐकण्याचा सराव आहे, बारा-एक मिनिटांचा. आधी एकेक आवाज वेगळा धरायचा, मग एकावरून दुसऱ्यावर जायचं, शेवटी सगळे एकदम ऐकायचे. मी तो गच्चीत करायचो: सूरसागरकडून येणारे रिक्षांचे हॉर्न, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, कबुतरं, खालच्या दुकानाचं शटर. हा सराव मन शांत असतानाच करायचा. घाबरल्यावर काढायचं ते औषध नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

दुसरा अभ्यास खंडेराव मार्केटातला. भाजी घ्यायची, बोलायचं आणि विकणाऱ्याबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवून घरी सांगायच्या. पहिल्या दिवशी एकही सांगता आली नाही. आठवड्याभराने भाजी विकणाऱ्या एक मासी, म्हणजे मावशी, दिसायला लागल्या. ओल्या तुरी सोलून सोलून त्यांच्या अंगठ्याचं नख हिरवं झालेलं. सुटी नाणी श्रीखंडाच्या जुन्या डब्यात. दहाच्या नोटा सगळ्या एका बाजूला तोंड करून वजनाखाली ठेवलेल्या. "आ तो काले पण आव्या हता," हे तर कालही आले होते, असं त्या शेजारणीला म्हणाल्या तेव्हा पूर्वी मी पळालो असतो. त्या दिवशी मान वर करून बघितलं, तर त्या हसून माझ्या पिशवीत मूठभर कोथिंबीर टाकत होत्या.

मध्ये एकदा घसरलो. मावसबहिणीच्या साखरपुड्यात मी छताचे दिवे मोजत बसलो, लक्ष बाहेर आहे या समाधानात. घरी आलो तो पार गळून. मॅडमचं म्हणणं पटलं: दिवे मोजणं हे पळणंच झालं. लक्ष समोरच्या माणसात आणि हातातल्या कामात हवं. मला वाटतं, "स्वतःचा विचार करू नकोस" एवढा नुसता सल्ला म्हणूनच कुणाला लागू पडत नाही. लक्ष कुठे न्यायचं, ते त्यात कुणी सांगत नाही.

मला गोळ्या लागल्या नाहीत. काहींना लागतात, आणि त्यात कमीपणा नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. तज्ज्ञापर्यंत लगेच पोचता येत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. मला तो आधी माहीत असता तर काही वर्षं वाचली असती.

बारा भेटींनंतर बँकेत गेलो. बाई त्याच. फॉर्म कोराच नेला होता, मुद्दाम. लिहिताना हात हलला. मी बाईंकडे बघितलं. त्या शिक्का दाबत होत्या, शाई वाळलेली, दोनदा उमटेना, तिसऱ्यांदा त्यांनी उभं राहून सगळा जोर लावला. "हो गया," म्हणाल्या आणि माझ्यामागच्याला पुढे बोलावलं.

यंदा गणपतीत टाळ शेजारच्या मुलाला दिले. दुसऱ्याच दिवशी काकांनी तबक माझ्या हातात ठेवलं. पंख्याच्या वाऱ्याने एक वात विझायला आली, तिच्यावर डावा तळवा धरला. पुढच्या ओळीतली एक चिमुरडी शब्द येत नव्हते तिथे नुसतंच मोठ्याने ओढत होती. आरती संपल्यावर काका म्हणाले, "आधी मागे आजींना दे रे, त्यांना उठवत नाही." आजींनी ज्योतीवर हात फिरवून डोळ्यांना लावले, आणि मग नातवाला पुढे केलं.