राइझे, राइझे : पहिल्या ट्रॅकच्याही मागे

मंडळी, ऐकलं! एकदाचं ऐकलं. तीन रविवार, दोन सीड्या, दोन ड्राइव्ह आणि शेजारच्या आजींचा स्वयंपाकघरातला रेडिओ एवढं सगळं कामाला लावलं, तेव्हा कुठे काल रात्री सीडीत लपवलेला तो तुकडा कानावर पडला.

मागच्या नोंदीत 'मुटर' संपवला होता. राम्श्टाइन या जर्मन मेटल बँडचे अल्बम क्रमाने, बुकलेट मांडीवर घेऊन, शब्दकोशासकट ऐकायचे हा नेम अजून मोडलेला नाही. आता चौथा, २००४चा 'राइझे, राइझे'. शब्दशः 'प्रवास, प्रवास'. पण जहाजावर पहाटे खलाशांना उठवायची हाळीही हीच. थोडक्यात, खलाशांची भूपाळी. नाव कळल्यावर पहिलं गाणं वेगळंच ऐकू यायला लागलं.

पण गाडी अडली ती गाण्यांच्याही आधी. कव्हर आठवा: विमानातला नारंगी फ्लाइट रेकॉर्डर आणि त्यावर 'उघडू नये' अशी सूचना. काही सीड्यांमध्ये पहिल्या ट्रॅकच्या मागे, प्रीगॅपमध्ये (म्हणजे ट्रॅक सुरू होण्याआधीच्या जागेत), खऱ्याखुऱ्या विमानाच्या कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग लपवलेलं आहे. जपान एअरलाइन्सचं फ्लाइट १२३, १२ ऑगस्ट १९८५, टोकियोहून ओसाकाला निघालेलं. स्ट्रीमिंगवर गाणी ऐकणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही.

माझी पहिली सीडी ऑनलाइन घेतलेली. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी संगणकावर उतरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर पहिला ट्रॅक शून्यापासूनच सुरू. मागे काहीच नाही. चुकीचं प्रेसिंग, म्हणजे ज्यात तुकडा नाही अशी छपाई! मग बर्लिनमधल्या माउअरपार्कच्या रविवारच्या जुन्या बाजारात दोन आठवडे खोकी उपसली आणि तीन युरोत दुसरी मिळाली. मागे ओरखडे, डबीचं बिजागर तुटलेलं. घरी येऊन बघते तर पहिल्या ट्रॅकची सुरुवात शून्याऐवजी अर्ध्या मिनिटाच्याही पुढे! तिथेच खुर्चीतून उठून नाचले. म्हणजे मागे जागा होती, आणि रिकामी जागा कुणी उगाच सोडत नाही.

रिप केलं, म्हणजे संगणकावर उतरवलं. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) बघितला. सरळ रेघ. पुन्हा केलं, पुन्हा रेघ. माझा यूएसबी ड्राइव्ह पापडाएवढा पातळ आहे, आणि प्रीगॅप वाचायचा म्हटलं की हा बेटा एररही देत नाही, गुमान शून्यं भरून मोकळा होतो. एरर दिला असता तर निदान एक संध्याकाळ वाचली असती. (हे पातळ ड्राइव्ह रिपिंगला घेऊ नका. जुना प्लेक्स्टर कंपनीचा ड्राइव्ह मिळाला तर डोळे मिटून घ्या.)

मग तळघरातून जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह काढला आणि हार्ड डिस्कसाठी असलेल्या साटा-यूएसबी केबलला जोडला. दिवा लुकलुकला, ट्रे मात्र ढिम्म. टाचणीने ट्रे ओढून काढला, सीडी ठेवली, तर ती फिरायलाच तयार नाही. तासभर डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली: लॅपटॉपच्या डिस्कची केबल फक्त ५ व्होल्ट देते, मोठ्या ड्राइव्हच्या मोटरला १२ लागतात. इतकी वर्षं इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढून ही गत! अडॅप्टर मागवला, चार दिवसांनी येणार होता.

तेवढ्यात काल आजींकडे पार्सल घ्यायला गेले. 'मुटर'च्या पहिल्या गाण्याची सुरुवातीची ओळ पूर्व जर्मनीतल्या टीव्हीवरच्या वाळूवाल्या बाहुल्याची, हे मला सांगणाऱ्या याच. ओट्यावर त्यांचा सीडीवाला रेडिओ दिसला आणि जुनी युक्ती आठवली. सीडी घातली, पहिला ट्रॅक लावला आणि मागे जायचं बटण दाबून धरलं. ०:०० आलं. मी बोट उचललं नाही. आकड्याच्या आधी एक छोटी आडवी रेघ उमटली, आणि आकडा पुन्हा वाढायला लागला. उणे दहा. उणे वीस. थांबलं तिथे सोडलं.

जपानी बोलणं. मध्येच इशाऱ्याचे आवाज.

आजी कप पुसत होत्या. हे कोण बोलतंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं: १९७८ साली विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती, केबिनमधला हवेचा दाब धरून ठेवणाऱ्या मागच्या भिंतीची दुरुस्ती चुकली, रिवेटच्या दोन ओळींनी घ्यायचा भार एकीवर आला आणि सात वर्षांनी भिंत फाटली. सुकाणूचं हायड्रॉलिक्स गेल्यावर वैमानिकांनी अर्धा तास विमान हवेत ठेवलं. ५२४ जणांपैकी चौघे वाचले. आजींनी कप ठेवला आणि आवाज बारीक केला. बंद नाही केला. रेघ गेली, शून्य आलं, आणि पहिलं गाणं आपोआप सुरू झालं.

अडॅप्टरची ऑर्डर रात्रीच रद्द केली. ती फाइल माझ्या फोल्डरमध्ये नको.

बाकी अल्बमचं थोडक्यात. 'लोस'वर मी फिदा. जर्मनमध्ये 'लोस' शब्दाला मागून जोडला की आपला '-हीन', सुटा म्हटला की 'चल, निघ'. अख्खं गाणं या एका अक्षरावर उभं. 'मोस्काउ' मजेशीर, पण पुन्हापुन्हा नाही. 'डालाय लामा' मी आधी नुसत्या रिफसाठी ऐकत होते. काल त्या तुकड्यानंतर लावलं तेव्हा बुकलेट नीट वाचलं: वादळातलं विमान, बाप, मूल, आणि मुलाला बोलावणारे आवाज. जर्मन कवी गटेची १७८२ची 'एर्लकोनिग' ही कविताच ती, फक्त घोड्याच्या जागी विमान. गटेकडे भुताचा राजा मुलाला नेतो. इथे भ्यालेला बापच त्याला इतकं घट्ट कवटाळतो की त्याचा श्वास कोंडतोय हेही त्याला कळत नाही. हे गाणं एका दमात दोनदा नाही ऐकवलं मला.

तर पुढचा बेत बदलतेय. 'रोझनरोट' लगेच घेणार होते, पण त्याचं शीर्षकगीतही गटेच्या रानगुलाबाच्या कवितेवरूनच आलंय, आणि संगीतकार शुबर्टने १८१५मध्ये या दोन्ही कवितांना चाली लावल्यात. आधी त्या दोन, मग 'रोझनरोट'. 'एर्लकोनिग' कुणाच्या आवाजात घेऊ? गायक फिशर-डिस्काउ सगळेच सांगतात. मला आधी ऑपेरा गायिका जेसी नॉर्मन ऐकायचीय. कुणाकडे सीडी असेल तर कळवा, प्रीगॅप नसला तरी चालेल.