‘फ’ तुकडी, खो-खो आणि रात्रीची अभ्यासिका

अमृत महोत्सवाच्या या स्मरणिकेत गुणवत्ता यादीत झळकलेल्या विद्यार्थ्यांना आणि शाळेने जिंकलेल्या ढाली-चषकांना स्वतंत्र पाने मिळतील, हे मी गृहीत धरतो, आणि ती मिळायलाच हवीत. परंतु 1978 मध्ये पाचवीत दाखल होऊन 1984 मध्ये दहावी झालेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला वेगळेच काही नोंदवावेसे वाटते. त्या काळात अभ्यास आणि खेळ ही आपल्या शाळेची दोन निराळी खाती नव्हती. दोन्ही एकाच वेळापत्रकात बसवलेली होती, आणि ते वेळापत्रक हीच मला शाळेची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

आजच्या विद्यार्थ्यांना त्या वेळच्या शाळेच्या आकाराची कल्पना येणे कठीण आहे. परळ, लालबाग, शिवडी, नायगाव आणि करी रोड एवढ्या टापूतील गिरणी कामगारांची मुले येथे येत. शाळा दोन सत्रांत भरे, प्रत्येक इयत्तेला ‘अ’ ते ‘ग’ अशा सात तुकड्या असत आणि वर्गात साठांहून अधिक मुले तीन-तीनच्या बाकांवर बसत. इंग्रजीची ओळखच मुळी पाचवीत होत असे. आठवीत गेल्यावर वाटा फुटत. ‘अ’ तुकडीला संपूर्ण संस्कृत, त्यानंतरच्या तुकड्यांना हिंदी-संस्कृत संयुक्त, काहींना संपूर्ण हिंदी, आणि ‘फ’ तुकडीला भाषेऐवजी तांत्रिक विषय. ही विभागणी विषयांची आहे असे पालकसभेत सांगितले जाई. प्रत्यक्षात ती गुणांची आहे हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असे. मी ‘फ’ तुकडीत होतो. माझ्या वडिलांना मात्र त्यात कमीपणा वाटला नाही, कारण गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहणाऱ्या माणसाला खात्यातल्या फिटरचा मान चांगला माहीत होता.

तांत्रिक विषयांचे शिक्षण हे शाळेच्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित प्रकरण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तळमजल्यावरच्या कार्यशाळेत लांबलचक बाके, त्यांवर बसवलेले शेगडे (काम घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी), भिंतीला लावलेल्या कानशी, छिन्न्या आणि हॅक्सॉ, आणि दुसऱ्या टोकाला सुतारकामाची जागा असे. पहिला ‘जॉब’ म्हणजे लोखंडी पट्टीचा एक तुकडा कानशीने घासून त्याच्या कडा काटकोनात आणणे. ऐकायला सोपे वाटणारे हे काम आठवडेच्या आठवडे चाले, कारण नवशिक्याच्या हातातली कानस पुढे जाताना वरखाली झुलते आणि कडेला मधोमध फुगवटा येतो. सर कडेवर गुण्या ठेवून तो तुकडा खिडकीसमोर धरत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की काही न बोलता जॉब परत हातात येई. भूमितीच्या तासाला काटकोन सर्वांनीच शिकला, परंतु तो किती थोडक्यात हुकतो हे आम्हाला तळमजल्यावर कळले. अभियांत्रिकी चित्रकलेच्या तासाला ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर घेऊन एकाच वस्तूचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे दृश्य काढताना जो विचार करावा लागे, तो बीजगणिताच्या कोणत्याही उदाहरणापेक्षा कमी प्रतीचा नव्हता. तरीही बक्षीस समारंभात संस्कृतच्या पहिल्या क्रमांकाला नेहमी टाळ्या पडत आणि कार्यशाळेतील पहिल्याचे नाव घाईघाईने वाचले जाई. एवढ्या वर्षांनंतर हे लिहिण्यात कडवटपणा नाही. नोंद राहावी, इतकेच.

आता खेळांविषयी. मुंबईतील शालेय क्रीडा म्हटले की लोकांना हॅरिस आणि जाइल्स ढालींचे क्रिकेट आठवते. आपल्या शाळेचे नाव त्या इतिहासात फारसे सापडणार नाही, आणि त्याचे कारण साधे होते. पॅड, ग्लोव्हज, बॅट, नेटची जागा आणि पांढरे कपडे हा खर्च आमच्या घरांना झेपणारा नव्हता. खो-खोला दोन खांब, मैदान आखायला फक्की आणि अनवाणी पाय पुरत. कबड्डीला तर खांबही लागत नसत, आणि परळच्या कामगार मैदानावर मोठ्या मंडळांचे सामने पाहत आमचे निम्मे प्रशिक्षण फुकट होई. लोण म्हणजे काय, निदान रेषा ओलांडल्याशिवाय चढाई का फुकट जाते, हे गिरणगावातल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नसे. 1983 च्या जूनमध्ये भारताने विश्वचषक जिंकला, त्या पावसाळ्यात शाळेच्या प्रत्येक जिन्यात रबरी चेंडूचे क्रिकेट सुरू झाले आणि दोन कबड्डीपटूंनी संघ सोडण्याची भाषा केली, हे खरे. पण दिवाळीनंतर स्पर्धा जवळ आल्या आणि दोघे निमूटपणे परतले.

खो-खो हा माझा खेळ. तो केवळ पळण्याचा खेळ आहे असा समज आजही आढळतो. आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पाठलाग करणारा एकदा एका दिशेने निघाला की त्याला मागे वळता येत नाही आणि दोन खांबांमधली मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्यावर मात्र असे कोणतेच बंधन नसते. त्यामुळे बसलेल्याने आपल्या पाठीमागे काय घडते आहे याचा अंदाज घेत, खो मिळण्याआधीच उठण्याची तयारी ठेवावी लागते. आमचे पी.टी.चे सर सरावाआधी फळ्यावर मैदान काढत आणि कोणी कोणाला खो दिला तर पळणारा कोणत्या खांबाकडे रेटला जाईल, हे विचारत. वर्गात तोंड न उघडणारी मुले तेथे हिरीरीने उत्तरे देत. साखळी पद्धतीने, म्हणजे बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी, पळणारा गडी कोणत्या क्षणी हुलकावणी देईल हे ओळखण्यात ‘ग’ तुकडीतला एक मुलगा इतका तरबेज होता की, ‘अ’ तुकडीतला आमचा कर्णधार प्रत्येक डावाआधी त्याचा सल्ला घेई. शाळेच्या इमारतीत या दोघांची एकमेकांशी भेट होण्याचे दुसरे कोणतेही कारण नव्हते.

हे सारे शक्य झाले ते पर्यवेक्षक सरांच्या वेळापत्रकामुळे. कर्मचारी खोलीबाहेर लावलेला, लाल-निळ्या शाईने भरलेला तो मोठा तक्ता अनेकांना आठवत असेल. दहावीचे जादा तास आणि संघांचा सराव एकाच वेळी येणार नाहीत अशी त्याची रचना होती, आणि ती करणे किती अवघड आहे हे मला पुढे कारखान्यात पाळ्यांचे तक्ते करताना उमगले. संघातील मुलांना घटक चाचणीतून सूट नव्हती. उलट, जो चाचणीला गैरहजर राहील त्याला पुढच्या सामन्यातून वगळले जाई. दुसऱ्या बाजूने, सामन्याच्या दिवशी बुडालेला भूमितीचा किंवा विज्ञानाचा तास त्याच आठवड्यात भरून देणे हे त्या त्या शिक्षकाचे काम समजले जाई, आणि बहुतेक शिक्षक ते कुरकुर न करता करत. ‘बहुतेक’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे.

या व्यवस्थेचा शेवटचा आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणजे रात्रीची अभ्यासिका. चाळीतील एका खोलीत आठ-दहा माणसे राहत असताना, त्यांपैकी कोणी पहिल्या पाळीला जाणार आणि कोणी रात्रपाळीहून आलेले असताना, दहावीच्या मुलाने अभ्यास करायचा कोठे, हा प्रश्न गिरणगावात प्रत्येक घरात होता. शाळेने संध्याकाळनंतर दुसऱ्या मजल्यावरचे वर्ग उघडे ठेवले. सरावानंतर नळावर हातपाय धुवायचे, भिजवलेले चणे खायचे आणि वर जाऊन बसायचे, असा आमचा क्रम होता. एक शिक्षक आळीपाळीने थांबत. शिकवत नसत, पण अडलेले सांगत. तेथे तुकडी पाहून बसण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे ‘अ’ तुकडीतील मुलाकडून मी इंग्रजीचे निबंध समजून घेतले आणि त्याला चित्रकलेतील प्रक्षेपण समजावले. मुलींच्या संघाला मात्र या अभ्यासिकेचा लाभ मिळाला नाही. अंधार पडल्यावर मुली घरी, हा नियम शाळेचा होता तसा घरांचाही होता. आमच्यापेक्षा अधिक सामने जिंकणाऱ्या त्या खो-खो संघातील कितीतरी मुलींचे शिक्षण दहावीला थांबले, याची शाळेच्या यशोगाथेत नोंद असायला हवी.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि काही महिन्यांतच आमच्या वर्गांतील बाकांवर जागा दिसू लागली. कोणाचे कुटुंब कोकणात परतले, कोणाचे साताऱ्याकडे गेले. कार्यालयाच्या खिडकीपाशी शाळा सोडल्याचे दाखले मागणाऱ्या पालकांची रांग लागे. ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास) फी-सवलतीचे अर्ज भरून देण्यासाठी बाई मधल्या सुट्टीत वर्गात बसून राहत. खो-खोचा आमचा संघ त्या वर्षी दोनदा नव्याने बांधावा लागला. परंतु सराव बंद पडला नाही आणि अभ्यासिकाही बंद पडली नाही; उलट तिची गर्दी वाढली, कारण घरात दिवसभर बसलेल्या वडिलांसमोर पुस्तक उघडून बसणे मुलांना जड जाऊ लागले होते.

संपानंतर ‘फ’ तुकडीचे मोल अनेकांना कळले. माझ्या वर्गातील काही जण आय.टी.आय.मध्ये गेले, काही रेल्वेच्या परळ कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले, मी पदविका करून यंत्रसामग्रीच्या कारखान्यात गेलो. कबड्डी आणि खो-खोच्या संघांतील काहींना खेळाडू म्हणून रेल्वेत आणि बँकांत नोकऱ्या मिळाल्या. ज्या घरात गिरणीचा पगार कायमचा बंद झाला होता, तेथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या चढाईवर घर उभे राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ‘अ’ तुकडीतील मित्र डॉक्टर आणि प्राध्यापक झाले. त्यांच्याविषयी याच अंकात इतरांनी लिहिले असेलच.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत, मराठी माध्यमाच्या तुकड्या सातांवरून दोनांवर आल्या आहेत, आणि कार्यशाळेच्या जागेत जुने बाक रचून ठेवले आहेत. महोत्सव निधीतून प्रवेशद्वारावर कमान उभारावी असा विचार पुढे आला आहे. माझा तिला विरोध नाही, परंतु माझी वर्गणी मी कार्यशाळेतील शेगडे पुन्हा बसवण्यासाठी आणि मुलामुलींसाठी सायंकाळची अभ्यासिका सुरू करण्यासाठी नाव घालून दिली आहे. आठवड्यातील दोन संध्याकाळी तेथे बसण्याची माझी तयारी आहे, तसे मी मुख्याध्यापिका बाईंना लेखी कळवले आहे. 1984 च्या तुकडीतील आणखी कोणी तयार असल्यास त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावे; इंग्रजी आणि विज्ञान सांभाळणारे कोणी मिळाल्यास फार बरे होईल, कारण माझी मजल भूमिती आणि चित्रकला यांच्यापुढे जात नाही.