सोलापूरहून बाडेन-वुर्टेम्बर्गला: घर कोणत्या गावात, कोणत्या मजल्यावर

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तिकडे जायची तयारी करणारी मंडळी घराबाबत एकच प्रश्न आधी विचारतात: तिथली राजधानी स्टुटगार्टमध्ये आपली माणसं कुठल्या भागात राहतात? हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला प्रश्न असा हवा: रविवारी सकाळी सहाच्या ड्युटीला मी कामावर कसा पोचणार?

सोलापुरात या प्रश्नाची सवयच नसते. जुळे सोलापुरात राहा नाहीतर शेळगीत, गाडी काढली की अक्कलकोट रोड एमआयडीसी गाठता येते. तिकडे पहिलं वर्षभर तरी गाडी हाताशी नसते. भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा जर्मन पद्धतीने द्याव्या लागतात. म्हणजे तुमचं घर रेल्वे आणि बसच्या वेळापत्रकाला बांधलेलं असणार.

तपासायची रीत सोपी आहे आणि ती सोलापुरात बसूनच करता येते. ऑफर लेटरवर कंपनीचा किंवा हॉस्पिटलचा जो पत्ता आहे तो घ्या. ज्या गेटने आत जायचं त्याच गेटचा पत्ता हवा, नुसतं शहराचं नाव चालणार नाही. जर्मन रेल्वेच्या 'डीबी नॅव्हिगेटर' अॅपमध्ये येणारा रविवार निवडा, पोचायची वेळ पावणेसहा टाका आणि मनात असलेल्या गावातून गाडी आहे का ते पाहा. मग उशिराची पाळी सुटल्यावरची, रात्री दहानंतरची गाडी पाहा. मंगळवारी दर पंधरा मिनिटांनी धावणारी बस रविवारी तासाला एक असू शकते आणि पहिली बस पाळी सुरू झाल्यावर निघू शकते. नर्सिंगला जाणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते, कारण ते घर सोमवार-शुक्रवारच्या वेळापत्रकावर पसंत करतात.

दारापासून दारापर्यंत पंचेचाळीस मिनिटं आणि वाटेत एकच गाडी बदलायची, ही मर्यादा धरा. दोनदा गाडी बदलावी लागली आणि पहिली पाच मिनिटं उशिरा आली, तर दुसरी हुकते आणि अर्धा तास जातो. पाळीच्या कामात असा उशीर महिन्यातून तीनदा झाला तर वरिष्ठांच्या नजरेत येतो.

या मर्यादेत बसणारी गावं नकाशावर खुणा करून ठेवा. स्टुटगार्ट शहर डोंगरांच्या कुशीतल्या खोलगट भागात वसलेलं आहे. जागा कमी आणि मागणी फार, म्हणून भाडं चढं. एस-बान म्हणजे तिथली लोकल; तिच्या एस-१ मार्गावर शहराच्या एका बाजूला एस्लिंगेन आणि दुसऱ्या बाजूला ब्योब्लिंगेन आहे. उत्तरेला लुडविग्सबुर्ग, पूर्वेला ग्योपिंगेन आहे. काम ब्योब्लिंगेनशेजारच्या झिंडेलफिंगेनच्या मर्सिडीज कारखान्यात असेल आणि घर एस्लिंगेनला घेतलं, तर रोज शहराच्या पोटातून आरपार जावं लागेल. तेव्हा कामाच्याच बाजूचं गाव धरा. 'डॉइचलांड तिकीट' जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोला आहे. त्यावर सगळ्या लोकल बस, एस-बान आणि रीजनल गाड्या चालतात, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या नाहीत. दोन स्टेशनं पुढचं गाव घेतलं तरी तिकिटाचा खर्च तोच राहतो, म्हणून लांबचं गाव खिशाला परवडतं का यापेक्षा झोपेला परवडतं का, हे बघा.

आता घराची दिशा. सोलापुरात आपण पश्चिमेची भिंत टाळतो, दुपारी खिडकीला पडदा ओढतो, वरच्या मजल्याचा स्लॅब एप्रिल-मेमध्ये कसा तापतो हे सांगायला नको. तिथे हे सगळं उलटं धरायचं. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, स्टुटगार्ट ४८.८ अंशांवर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सोलापुरात सूर्य क्षितिजापासून ४९ अंश वर असतो, स्टुटगार्टमध्ये फक्त १८ अंश. समोर बारा मीटर उंच, म्हणजे चार मजली इमारत असेल, तर तिची दुपारची सावली सोलापुरात साडेदहा मीटर पडते, तिथे सदतीस मीटर. त्यामुळे जाहिरातीत 'दक्षिणमुखी' लिहिलेलं घरसुद्धा समोरच्या इमारतीमुळे नोव्हेंबर ते जानेवारी अंधारात राहू शकतं. त्या दिवसांत दिवस असतोच सव्वाआठ तासांचा, सोलापुरात तेव्हा अकरा तास. घर उन्हाळ्यात पाहायला गेलात तरी समोरच्या इमारतीचं अंतर पावलांनी मोजा. दक्षिण किंवा नैर्ऋत्येची खिडकी आणि समोर मोकळी जागा मिळाली, तर थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही. माझ्या मते अंधारं घर हे परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात माणूस खचण्याचं एक मोठं कारण आहे, आणि घर निवडताना ते टाळता येतं.

मजल्याबाबत दोन अक्षरी खुणा जाहिरातीत दिसतील. 'ईजी' म्हणजे तळमजला, 'ओजी' म्हणजे वरचे मजले, 'डीजी' म्हणजे उतरत्या छपराखालचा. 'झुटेरां' लिहिलं असेल तर ते अर्धं जमिनीखालचं घर, ओल धरणारं. ते सोडून द्या. छपराखालचं घर जुलैमध्ये पत्र्याच्या शेडसारखं तापतं आणि छताला पंखा नसतो. शिवाय उतारामुळे जागा कमी मिळते: एक मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग क्षेत्रफळात धरत नाहीत, एक ते दोन मीटरमधला निम्मा धरतात. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. पन्नास चौरस मीटरचं घर म्हणजे जवळपास ५४० चौरस फूट कार्पेट. खोल्या मोजताना स्वयंपाकघर आणि बाथरूम धरत नाहीत, म्हणून त्यांचं 'दोन खोल्यांचं' घर म्हणजे आपला वन बीएचके.

भाड्याचा हिशेब. जाहिरातीत मोठ्या आकड्यात दिसतं ते 'काल्टमीटे', म्हणजे नुसतं घराचं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिना-सफाई आणि बहुधा हीटिंग असा 'नेबेनकोस्टेन' मिळवला की 'वार्ममीटे' होतं. वीज आणि इंटरनेट तरीही वेगळंच. शिवाय प्रत्येक घरामागे रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी महिना १८.३६ युरो, घरात माणसं कितीही असोत, वर्गणी एकच. नेबेनकोस्टेन हा अंदाजाचा हप्ता असतो. वर्षाचा हिशेब नंतर येतो आणि हीटिंग जास्त वापरलं असेल तर फरक भरावा लागतो. पहिल्या हिवाळ्यात आपण खिडकी बंद ठेवून हीटरचं बटण पाचवर, म्हणजे सगळ्यात जास्तवर ठेवतो आणि पुढच्या वर्षी फरकाचं बिल येतं. त्यासाठी महिना तीस-चाळीस युरो बाजूला टाका.

डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे. ते तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. उदाहरणार्थ काल्टमीटे ७००, वार्ममीटे ९०० असेल, तर डिपॉझिट २,१०० आणि पहिल्या महिन्यात किमान ७०० अधिक ९००, असे १,६०० युरो हाताशी हवेत. वार्ममीटे हातात पडणाऱ्या पगाराच्या एक-तृतीयांशाच्या आत ठेवा. घरमालकही साधारण हाच हिशेब लावून अर्ज बाजूला काढतात.

स्वयंपाकघरावर जरा थांबू, कारण तिथे आपल्याकडच्या माणसाला धक्का बसतो. बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय भाड्याने देतात. ओटा नाही, शेगडी नाही, सिंकसुद्धा नाही, भिंतीतून पाण्याचे दोन नळ बाहेर आलेले. जाहिरातीत 'ईबीके' लिहिलेलं असेल तरच बसवलेलं स्वयंपाकघर आहे असं समजा. कधी आधीचा भाडेकरू त्याचं स्वयंपाकघर विकत घ्या म्हणतो. त्याला 'आब्ल्योझे' म्हणतात. रकमेवर घासाघीस करा आणि काय-काय मिळणार त्याची यादी करारासोबत घ्या.

शेगडी बहुतेक ठिकाणी काचेच्या पृष्ठभागाची विजेची, गॅस क्वचित. सोलापुरातून भांडी बांधायच्या आधी बुडाला चुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर इंडक्शनवर ते भांडं तापणार नाही. अॅल्युमिनियमचा कुकर तर नाहीच. खोलगट तवाही नेऊ नका. सपाट काचेवर तो मधोमधच टेकतो आणि भाकरीच्या कडा कच्च्या राहतात. सपाट बुडाचा लोखंडी तवा न्या.

फोडणीसाठी स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी हवी. चिमणी दिसली की विचारा, हवा बाहेर टाकते की गाळून परत आत सोडते; दुसऱ्या प्रकाराने काळ्या मसाल्याचा वास सोफ्यात आणि कोटात मुरतो. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. जुन्या इमारतींच्या जमिनी लाकडी, त्यामुळे शेंगाचटणी उखळात कुटायची असेल तर शनिवारी दुपारी. ओले कपडे खोलीत वाळवून खिडक्या बंद ठेवल्या की कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून कापायचा प्रयत्न होतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा, बर्फ पडत असला तरी.

सोलापुरात बसून फोटो बघून वर्षभराचं घर पक्कं करू नका. आधी एक ते तीन महिन्यांची सोय करा: हॉस्पिटलचं कर्मचारी वसतिगृह, सामानासह मिळणारी खोली किंवा 'डब्ल्यूजी' म्हणजे वाटून घेतलेला फ्लॅट. मात्र त्या पत्त्यावर 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, होईल का हे लेखी विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा, तुम्ही इथे राहायला आलात असा कागद लागतो. हॉटेल किंवा सुट्टीपुरतं घर देणारे तो सहसा देत नाहीत. नोंद झाली की कर क्रमांक टपालाने येतो. तो लांबला तर पगारातून सगळ्यात जड वर्गाने कर कापला जाऊ शकतो. तो पुढे परत मिळतो, पण सुरुवातीच्या महिन्यांत हात आखडतो.

'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असा निरोप आला की समजा फसवणूक आहे. घर आतून पाहिल्याशिवाय आणि करारावर सह्या झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. करारात दोन ओळी शोधा. एक, ठरावीक काळ घर सोडता येणार नाही अशी अट. ती चार वर्षांपर्यंतची असू शकते, नवख्या माणसाने एक वर्षापलीकडे मान्य करू नये. दुसरी, 'केरवोखे': या भागात भाडेकरूंनी आळीपाळीने आठवडाभर जिना आणि फुटपाथ झाडायचा असतो, हिवाळ्यात बर्फही काढायचा. शेजाऱ्यांशी पहिलं भांडण यावरून होतं, म्हणून आपली पाळी चुकवू नका. घर सोडताना तीन महिन्यांची नोटीस, कागदावर सही करून, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पडायला हवी. ईमेल चालत नाही.

किल्ल्या घेताना मीटरचे आकडे आणि भिंतीवरचे जुने डाग दोघांच्या सहीच्या कागदावर लिहून घ्या, किल्ल्यांची संख्यासुद्धा. आणि त्याच संध्याकाळी टपालपेटीवर पासपोर्टवरचं आडनाव चिकटवा. फ्लॅट नंबर तिथे नसतो, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर बँकेचं कार्ड आणि कर क्रमांक दोन्ही परत जातात.