दोरा, ट्यूब की सोपट? टाय-डायच्या बांधण्याची उन्हाळी नोंद

या उन्हाळ्यात टाय-डायला, म्हणजे कापड बांधून रंगवायला, रंग मुद्दाम एकच ठेवला, थंड पाण्यात बसणारा निळा रिॲक्टिव्ह (सोड्याच्या पाण्यात सुताला पक्का धरणारा रंग). कापडही एकच: धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढलेला मांजरपाट. बदलत गेलं ते फक्त बांधायचं साहित्य. आपण रंगांच्या पुड्यांवर तासन्‌तास बोलतो आणि बांधायला घरात सापडेल ते घेतो. मला हे उलटं वाटतं.

रबरबँड आधीच निकालात काढते. रेघ बारीक आणि स्वच्छ येते, हे खरं. पण आपल्याकडचा मे महिना त्यांना मानवत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हात डब्यातल्या डब्यात चिकट होतात आणि ताणले की तटकन तुटतात. त्यापेक्षा सायकलच्या पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब घ्या. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, ताणून गुंडाळल्या, की खाली रुंद पांढरा पट्टा कोरडा राहतो. मात्र आधी साबणानं घासून घ्या, नाहीतर काळं कापडाला लागतं.

आता दोरा. गोधडी शिवायचा सुती दोरा माझा सर्वांत आवडता. ओला झाला की फुगतो, कापडाला धरून बसतो आणि ओलेपणी सूत उलट जास्त बळकट असतं. अडचण एकच: तोही कापडाइतकाच निळा होतो, मग सोडताना कात्री दोऱ्यावर चालतेय की कापडावर ते कळत नाही. पॉलिस्टर दोरा रिॲक्टिव्ह रंग घेत नाही, पांढराच राहतो आणि लगेच दिसतो. म्हणून टाके घालून चुण्या ओढायच्या कामाला (समांतर धावदोरा, मग सगळे दोरे एकत्र खेचायचे) दुहेरी पॉलिस्टर; बारीक ठिपक्यांना सुती. नायलॉन निसटतो, गाठ धरत नाही. ज्यूटच्या सुतळीचा तांबूस रंग फिक्या कापडावर उतरतो, शिवाय ती इतकी जाड की खालची घडी नीट दाबलीच जात नाही.

कच्छ-जामनगरकडच्या बांधणीतला एक धडा इथं उपयोगी पडतो. तिथं प्रत्येक ठिपक्याला वेगळी गाठ मारत नाहीत. चिमटीत उचललेल्या टोकावर दोरा घट्ट वेढतात आणि न तोडता पुढच्या ठिपक्यावर जातात. रंगवून झाल्यावर कापड दोन्ही बाजूंनी ओढलं की वेढे आपोआप सुटतात. ठिपक्यात खडा भरायचा असेल तर हरभरा नको. सोड्याच्या पाण्यात फुगतो आणि ठिपका वेडावाकडा होतो. चिंचोके किंवा काचेच्या गोट्या बऱ्या.

आणि आता खास आपलं, केळीचं सोपट, म्हणजे खोडाभोवतीची साल. केळीच्या मुलखात राहून हे आधी का सुचलं नाही, देव जाणे. हार करणाऱ्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "वल्लं ठेवनं पडस ताई, कोरडं व्हयनं की तुटी जास." ओल्या सोपटाची पट्टी कापडावर चपटी बसते, त्यामुळे पट्ट्याची कड दोऱ्यासारखी धारदार येत नाही, विरघळल्यासारखी मऊ येते. मला ती फार आवडली. पण ताजं सोपट अजिबात वापरू नका. केळीच्या चिकाचा तपकिरी डाग किती हट्टी असतो हे बागेत काम करणाऱ्या कुणाच्याही सदऱ्यावर दिसेल. वाळलेलं घ्या, पाणी बदलत भिजवा, पाणी नितळ दिसू लागलं की बांधायला काढा.

शेतातून उचललेली दुसरी वस्तू म्हणजे पीव्हीसी पाइप. कापड 63 मिलिमीटरच्या तुकड्यावर तिरकं गुंडाळायचं, वरून दोरा फेरे देत न्यायचा आणि सगळं एका टोकाकडे रेटून चुण्या पाडायच्या. जपानी अराशीची (पाइपवर गुंडाळून रंगवायच्या पद्धतीची) तिरकी पावसाची रेघ अशीच येते. पाइप गुळगुळीत असतो, म्हणून टोकाला करवतीची खाच पाडून दोरा तिथं अडकवा. उकळत्या रंगात मात्र हा पाइप घालू नका. साधारण 80 अंशांच्या पुढं पीव्हीसी मऊ पडतं, त्यामुळे तो थंड रंगापुरताच. ठिबकची 16 मिलिमीटरची जुनी नळी रुमालाएवढ्या कापडाला पुरते, पण वाकते. आत बांबूची काडी घाला.

रंग पक्का करणाऱ्या सोड्याचं प्रमाण बऱ्याच जणींनी विचारलं होतं. सोडा ॲश (त्याच सोड्याची कोरडी पूड) असेल तर लिटरला साधारण 50 ग्रॅम. खड्याच्या धुण्याच्या सोड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, तो अडीचपटीहून जास्त लागतो. बोअरच्या जड पाण्यात सोडा घातला की पांढरा गाळ येतो. मी तो बसू देते आणि वरचं पाणी घेते. आपली उष्णता या रंगाला मानवते, पण कापड वाळलं की रंग धरणं थांबतं. म्हणून बांधलेली गुंडाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत, सावलीत, रात्रभर.

पुढचं काम आख्ख्या ओढणीचं. ती 63 च्या पाइपवर एका थरात मावत नाही आणि दोन थर केले की आतला फिका राहतो, म्हणून 110 चा तुकडा मिळवलाय. बांधायला अर्ध्या लांबीवर सुती दोरा, अर्ध्यावर सोपट.