मेंदू-वजनाचा आलेख: घोडं अडलं चरबीपाशी

पक्ष्यांच्या अंगाच्या वजनापुढे मेंदूचं वजन मांडणारा आलेख काढतोय: एक ठिपका म्हणजे एक जात, आणि रेषा म्हणजे त्या वजनाला अपेक्षित मेंदू. गेल्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे त्यात स्थलांतरी आणि रहिवासी (वर्षभर एकाच भागात राहणारे) असे दोन रंग भरले. स्थलांतऱ्यांचे ठिपके रेषेखाली बसले, म्हणजे अंगाच्या मानाने मेंदू लहान. तासभर खुशीत होतो. मग नजर वजनाच्या रकान्यावर गेली.

लांबच्या प्रवासाआधी हे पक्षी चरबी चढवतात. अलास्काहून न्यूझीलंडला एका दमात जाणाऱ्या पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं निघतानाचं जवळपास निम्मं वजन चरबीचंच. मेंदू थोडाच वाढतो त्याने! लॉग-लॉग आलेखाच्या (दोन्ही अक्ष पटींत मोजणाऱ्या) रेषेचा उतार ०.६ धरला, तर वजन २० टक्के फुगल्यावर ‘अपेक्षित’ मेंदू ११-१२ टक्क्यांनी वाढतो. पक्षी नुसता लठ्ठ, आणि आलेखात ठरतो मंद.

वजनाऐवजी पंखाची लांबी घेऊन पाहिली. तीही फितूर. लांब पल्ल्याच्या पक्ष्यांचे पंख मुळातच लांब नि टोकदार. मग नडगीची लांबी? धोबी पक्षी जमिनीवर तुरुतुरु पळणार, पाकोळी भिंतीला लटकणार. दोघांना एकाच नडगीने कसं मोजायचं?

अव्होनेट (२०२२) या पक्ष्यांच्या मोजमापांच्या माहितीसंचाचं कौतुक करावं तेवढं थोडं: अकरा हजार जाती, स्थलांतराचा रकाना तयार, तेही फुकट. पण वजन जातीला एकच, सरासरी. शेवटी विणीच्या हंगामातली वजनं एकेक करून वेचली. एक्सेलला रामराम ठोकून आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा धरली, कारण वंशवृक्षाचा (कोणती जात कोणाची किती जवळची नातलग, याचा) हिशेब एक्सेलच्या आवाक्यातला नाही. ठिपके वर सरकले, तरी रेषेखालीच राहिले! म्हणजे सगळा खेळ चरबीचा नाही. त्या दिवशी भेळ खाल्ली.

तरी स्थलांतऱ्यांना मठ्ठ म्हणू नका. २००३ च्या प्रयोगात स्थलांतरी गार्डन वॉर्बलरला खाण्याची जागा वर्षभर आठवली, रहिवासी सार्डिनियन वॉर्बलरला दोनच आठवडे. रहिवाशांची ताकद वेगळी. २००५ च्या अभ्यासात युरोपातले रहिवासी पक्षी खाण्याच्या नव्या युक्त्या जास्त काढताना दिसले, त्याही मुख्यतः हिवाळ्यात.

हे लिहितानाच सुचलं: शंभर जातींच्या मागे कशाला धावायचं? साळुंकी आणि भोरडी (गुलाबी मैना) एकाच कुळातल्या. एक सांगलीच्या एसटी स्टँडवर वड्याचा चुरा टिपते, दुसरी मध्य आशियाकडून येऊन जतच्या ज्वारीवर उतरते. यंदा हुरड्याच्या दिवसांत दोघींपुढे अनोळखी खाणं ठेवून आधी कोण चोच लावतं ते बघणार.

एकच पेच. भोरड्या हजारोंनी येतात आणि घोळक्यात कुणीही धीट होतं. जत किंवा कवठेमहांकाळ भागात चार-पाचांच्या टोळक्याने उतरणाऱ्या भोरड्या कुणाला दिसल्या, तर जागा आणि वेळ कळवा. गोफणीच्या आधीची वेळ हवी.